दीडपट परीक्षक

आमच्या गल्लीत एखादा नवा सिनेमा किंवा नवी सीरियल घरबसल्या बघायची ठरली, की लोक आधी घड्याळ बिघडवून घेतात. निदान आम्ही चेष्टेत तसं म्हणतो. गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखालच्या जागेत आमचे घड्याळजी बसतात, आणि नव्या ड्रामांवर आणि नव्या कॉमेड्यांवर त्यांनी दिलेलं मत हे शेवटचं मत. ते फुकट मिळतं, फक्त घड्याळ आत द्यावं लागतं.

सगळे त्यांना ‘परीक्षक’ म्हणतात. या नावामागे एक संध्याकाळ आहे. कुठल्याशा नाट्यस्पर्धेत नेमलेल्या परीक्षकांपैकी एक जण आजारी पडला. प्रयोगांची वेळ नोंदवायला घड्याळजींना बोलावलं होतं, ते समोर होतेच, म्हणून आयोजकांनी त्यांनाच उचलून त्या खुर्चीत बसवलं. एका संध्याकाळपुरतं. ती संध्याकाळ अजून संपलेली नाही.

दुकान म्हणजे एक काचेचा काउंटर, त्याखाली पट्ट्यांचं भेंडोळं, आणि मागच्या भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं. सगळी बिघडली म्हणूनच आलेली, त्यामुळे त्या भिंतीवर सकाळ, दुपार आणि संध्याकाळ एकत्र नांदतात. कुणी वेळ विचारली तर घड्याळजी खिशातून मोबाइल काढून सांगतात. डोळ्याला भिंग लावलं, हातात चिमटा आला आणि गिऱ्हाइकाच्या घड्याळाचं पोट उघडलं, की व्याख्यान सुरू. गिऱ्हाईक जाणार कुठे? त्याचं चाक बशीत, स्क्रू झाकणात. ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. “तो घाम येणारा पोलीस” किंवा “ती दोन जावांची, त्यातली एक विष कालवते” एवढ्यावर त्यांचं भागतं. व्याख्याही त्यांच्या स्वतःच्या. “ताई, ड्रामा म्हणजे ज्यात सगळे अंधारात बसून कुजबुजतात, आणि कॉमेडी म्हणजे ज्यात सगळे उजेडात ओरडतात. बाकी फरक नाही.” हे मात्र मला पटतं. हल्लीच्या ड्रामात म्हणे श्रीमंत लोकांचे मोठे मोठे बंगले असतात, पण दिवा लावायची ऐपत एकाचीही नसते. आणि कॉमेडीत चार मित्र असतात, त्यातला एक जाडा असतो, आणि तो पाण्यात पडतो. तो पडला की लिहिणारा सुटला.

पण घड्याळजींची खरी कसोटी एकच. गती. लांबलं, रेंगाळलं, सुस्तावलं, हे त्यांचे तीन शेरे, आणि आयुष्यभर त्यांनी तेच दिले. मी रंगभूमीवर काम करायचे तेव्हापासून आमची ओळख. तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची. मध्येच मनगट वर करायचे, आणि घड्याळाच्या काचेवर रंगमंचावरचा दिवा चमकायचा. एका नाटकात शेवटी मी मरायचे. मेलेल्या बाईला डोळे थोडे किलकिले ठेवावेच लागतात, नाहीतर पडदा कुठवर आलाय ते कळत नाही. तर मी मरून पडलेली, नवरा झालेला नट ऊर बडवतोय, आणि मला तिसऱ्या रांगेत ती काच चमकताना दिसतेय. प्रयोगानंतर आत येऊन म्हणाले, “बाई, काम छान. मरण लांबलं.”

तसं पाहिलं तर ते आम्हाला काही नवीन सांगत नव्हते. दौऱ्यावर असताना शेवटची बस गाठायची असली, की आमचं दुःखसुद्धा लवकर आटपायचं. मी तर कधी कधी विषाचा पेला तोंडाला लागायच्या आधीच कोसळायचे. प्रेक्षकांनी कधी तक्रार केली नाही, त्यांनाही तीच बस असायची.

तर असा हा माणूस मध्यंतरी बदलला. घरच्या टीव्हीवर नवं येईल ते बघायला लागला आणि चक्क स्तुती करायला लागला. “काय वेग आहे ताई. एक जागा रिकामी नाही.” मी म्हटलं, “कुठली? ती कोर्टातली? अहो, त्यात वकील उभा राहून चष्मा पुसेपर्यंत माझी भांडी घासून झाली.”

“तुमचं वय झालं, ताई.”

“आणि तुमचं?”

“माझं ऐकलं त्यांनी, शेवटी. इतकी वर्षं कानीकपाळी ओरडलो. पेपरात लिहिलं, नाटक कंपन्यांना पत्रं टाकली. कुठेतरी पोचलं म्हणायचं.” हे त्यांनी भिंग काढून, माझ्याकडे बघून, अगदी मनापासून सांगितलं. साऱ्या जगाने आपल्यासाठी चाल बदलली यावर या माणसाचा सहज विश्वास बसला होता. मी मनात म्हटलं, असेल. माझंच डोकं मंद चालत असेल.

घड्याळजींना एकुलती एक मुलगी. लहानपणी काउंटरमागे बसून अभ्यास करायची. ती मोठी होऊन सिनेमाची एडिटर झाली. म्हणजे शूटिंग झालेलं कापायचं, जोडायचं, कुठला तुकडा किती वेळ ठेवायचा ते ठरवायचं. बापाने आयुष्यभर ‘लांबलं’ म्हटलं, लेकीने त्याचाच धंदा केला. राहते दुसऱ्या शहरात. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढली, आणि आता तिचा पहिला स्वतःच्या नावाचा सिनेमा आला. थिएटरात आठवडाभरही टिकला नाही, तिथून थेट घराघरांत आला.

घड्याळजींनी तो आल्या दिवशी बघितला आणि लगोलग लेकीला फोन लावला. काय बोलले ते त्यांनीच मला दुकानात सांगितलं, कौतुकाने. “म्हटलं, पोरी, काय धमाल कॉमेडी केलीस. ती म्हातारी चालते तेव्हा तर हसून हसून मी खुर्चीवरून खाली आलो.”

“मग ती काय म्हणाली?”

“‘बरं बाबा’ म्हणाली. कामात असेल.”

मग गल्लीत डंका पिटला. या वर्षातली सगळ्यात चांगली कॉमेडी, आणि आमच्या पोरीने कापलेली. जो येईल त्याला तेच.

दोन-चार दिवसांनी मी सेल बदलायला दुकानात गेले, तेव्हा समोरचे टेलरमास्तर काउंटरवर हात टेकून उभे होते. गळ्यात टेप, चेहरा उतरलेला.

“परीक्षक, ही तुमची कॉमेडी?”

“का? हसला नाहीत?”

“आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. बायको आईला फोन करून रडली. आई इथे शेजारच्या खोलीत झोपली होती, तरी फोन करून रडली. मुलगा म्हणतो, बाबा, आजीला एकटीला जिन्यात जाऊ देऊ नका. आणि तुम्ही म्हणालात कुटुंबासह बघा.”

घड्याळजींनी चिमटा खाली ठेवला. “मास्तर, विनोद कळायला एक बैठक लागते.”

“सोफ्यावर बसूनच बघितलं.”

“बघितलंत ना, पण पकडला नाहीत. त्या दोघी चादर घालतात, आठवतं? खाटेच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मुलगी, आणि चादर नुसती इकडून तिकडे, इकडून तिकडे. मला तर श्वास लागला हसून.”

टेलरमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत एकच प्रश्न होता, की यांना डॉक्टरला दाखवावं का. मग म्हणाले, “पॅंट उद्या घेऊन जा,” आणि निघून गेले. घड्याळजी मला म्हणाले, “लोकांना हल्ली हसताच येत नाही, ताई.”

मी घरी येऊन तो सिनेमा लावला. एक विसरभोळी झालेली म्हातारी आणि तिची मध्यमवयीन मुलगी, दोन खोल्यांचं घर, बाहेर रस्त्याचा आवाज. गोष्ट म्हणाल तर एवढीच, की म्हातारीला मुलगी ओळखू येत नाही. त्या दोघी चादर घालतात ती इतकी सावकाश, की प्रत्येक सुरकुती दिसते. आणि शेवटाकडे म्हातारी खाटेवरून उठून खिडकी लावायला जाते, कारण मुलीला थंडी वाजेल. मुलगी तिथेच उभी आहे. म्हातारी भिंतीला हात लावत लावत तिच्या शेजारून जाते. संगीत नाही, काही नाही. ती नुसती चालते, आणि खिडकी येता येत नाही. मी अनेकदा रंगमंचावर मरून लोकांना रडवलंय, पण मला असं कुणी रडवलं नव्हतं. हसण्यासारखं काय होतं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी घड्याळजींची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, माझ्या दारात. पदराला हात पुसत, घरातून तशाच आलेल्या.

“ताई, पोर फोन घेत नाहीये. ह्यांचाही नाही, माझाही नाही. ‘कामात आहे’ असा नुसता मेसेज. तुमचं ऐकते ती, तुम्ही लावून बघा ना.”

मी लावला. माझा मात्र तिने घेतला.

“मावशी, मला आईची अडचण नाही. बाबांशी बोलायचं नाही म्हणून तिचाही घेत नाही, ती लगेच फोन त्यांच्या हातात देते.”

“अगं, ते गमतीत...”

“ते हसले, मावशी. त्या चालण्याला हसले. तुम्हाला आजी आठवते?”

आजी म्हणजे घड्याळजींची आई. आठवत होती. शेवटची काही वर्षं ती त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत भिंत धरून चालायची.

“शूटिंगचं सगळं बघताना ती नटी तशी चालताना दिसली आणि मी थांबले. दिग्दर्शक म्हणत होता, कापू, लोक कंटाळतील. निर्माता म्हणत होता, कापू. मी सगळ्यांशी भांडले. काम जायची वेळ आली होती. मला वाटलं, एक माणूस तरी हे चालणं ओळखेल. आणि त्या एका माणसाने फोन करून सांगितलं, मी हसून खुर्चीवरून पडलो.”

मी वहिनींना एवढंच सांगितलं, की ती बापावर रागावली आहे. पुढचं मलाच समजत नव्हतं. घड्याळजी फटकळ आहेत, दीडशहाणे आहेत, नाकाने कांदे सोलतात, सगळं खरं. पण आईच्या आजारपणात दुकान अर्धा दिवस बंद ठेवणारा माणूस तो. हा कसा हसेल?

रविवारी सकाळी त्यांनीच बोलावलं. “या ताई, तुम्हाला विनोद कुठे आहे तो दाखवतो. त्या टेलरला काय कळतंय?” मी गेले. टीव्हीसमोर दोन खुर्च्या, मध्ये स्टुलावर चहा. त्यांनी सिनेमा पुढे नेऊन शेवटचा भाग लावला आणि चहाचा घोट घ्यायच्या आत मी कप परत खाली ठेवला.

म्हातारी तुरुतुरु आली. चावी दिलेल्या बाहुलीसारखी. मुलगी तिच्यामागे तुरुतुरु. दोघी पोपटासारख्या बोलत होत्या. चादर उडाली, बसली, परत उडाली, जणू दोन धोबिणींची शर्यत लागली होती. घड्याळजी मांडीवर थाप मारून हसले. “बघा. बघा आता.”

आणि खरं सांगते, मलाही हसू आलं. तोंडावर हात ठेवावा लागला.

मी मागे वळले तर स्वयंपाकघराच्या दारात वहिनी. माझा चेहरा बघून त्यांनी पटकन ओठावर बोट ठेवलं आणि मानेने आत यायची खूण केली.

“पाणी घेऊन येते,” असं म्हणून मी आत गेले.

“ताई, सांगू नका त्यांना.”

“काय सांगू नको?”

“ते बटण.” वहिनी ओट्याकडे बघत बोलल्या. “दीडपटीचं. पोरीने टीव्ही बसवून दिला ना, तेव्हा तिनेच दाखवलं होतं. म्हणाली, आई, आम्ही जीव तोडून काम करतो आणि लोक हे बटण दाबून पळवत बघतात, शरम नाही वाटत त्यांना. मी ते बटण लक्षात ठेवलं.”

“आणि शरम?”

“ती राहून गेली.” वहिनींनी गॅस बारीक केला. “अहो, काय करणार. रोज एक सिनेमा. तो संपल्याशिवाय जेवायला उठत नाहीत, जेवताना त्यावर भाषण, भाषण संपल्यावर माझी सीरियल संपलेली. एक दिवस ते बाथरूममध्ये होते तेव्हा दाबून टाकलं. बाहेर आले, बसले, आणि म्हणाले, वा, आज काय वेग आहे. मी म्हटलं, माणूस खूश, जेवण वेळेवर, कुणाचं काय गेलं? माणूस मुळातच दीडशहाणा, त्याला सिनेमा दीडपट दाखवला तर बिघडलं कुठे?”

“आणि त्यांना संशय आला नाही कधी?”

“आला होता. म्हणाले, हल्लीची पोरं फार भराभर बोलतात नाही? मी म्हटलं, हल्ली सगळेच बोलतात.”

जन्मभर दुसऱ्यांची घड्याळं पुढे आहेत की मागे ते सांगणारा माणूस. मी हसणार होते, पण टीव्हीवरून त्या म्हातारीचा चिरका, घाईचा आवाज आला आणि मला लेकीचा फोन आठवला.

“वहिनी, तुमच्या पोरीचा सिनेमासुद्धा तुम्ही असाच लावला.”

“लावला कसला, तसाच राहिला होता तो. मी काही वेगळं केलं नाही.” मग त्यांचे हात थांबले. मी काही बोलायच्या आत त्यांना ते कळलं. “म्हणजे ते जे हसले...”

“ती म्हातारी तुमच्या सासूबाईंसारखी चालते, वहिनी. पोरीने त्यासाठीच ठेवलंय ते. भांडून ठेवलंय.”

वहिनींनी गॅस बंद केला. तशाच बाहेर गेल्या. मी मागोमाग. त्यांनी नवऱ्याच्या मांडीवरचा रिमोट उचलला, दोन-तीन बटणं दाबली, आणि नवऱ्याच्या बाजूला उभ्या राहिल्या.

पडद्यावर म्हातारी नुकतीच खाटेवरून उठत होती. आता ती खरंच उठत होती. आधी एक पाय, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा.

“हिला काय झालं?” घड्याळजी पुढे वाकले. “बंद पडली का?”

“बंद नाही पडली. ती अशीच चालते. मीच तिला पळवत होते.”

“म्हणजे?”

वहिनींनी सांगितलं. फार थोडक्यात, आणि त्यांच्याकडे न बघता. घड्याळजी एकदा रिमोटकडे बघत, एकदा बायकोकडे.

“सगळे? तो पोलीस?”

“तोही.”

“कोर्टातली?”

“तीसुद्धा.”

“म्हणजे त्यांनी माझं ऐकलं नव्हतं,” घड्याळजी म्हणाले.

हसू येण्यासारखंच वाक्य होतं ते, पण दोघींनाही आलं नाही. लेकीचं नाव काढायच्या आधी या माणसाला आपली पत्रं आठवली, हेही मी मनात नोंदवलं. परीक्षक शेवटी परीक्षक. पण तोपर्यंत त्यांची नजर परत टीव्हीवर गेली होती, कारण म्हातारी अजून चालतच होती. खिडकीपासून लांबच होती. उजवा हात भिंतीवर, बोटं पसरलेली, आणि प्रत्येक पावलाला हात थोडा पुढे सरकत होता.

घड्याळजींचं मनगट सवयीने वर आलं. अर्ध्यावर थांबलं आणि खाली गेलं.

“भिंतीला हात का लावते ही?”

“पडू नये म्हणून,” वहिनी म्हणाल्या.

“आई लावायची.” मग बऱ्याच वेळाने, “तिथला रंग गेला होता. भिंतीचा. आपण परत लावला.”

म्हातारीने खिडकी लावली. मुलगी तिथेच उभी होती. सिनेमा संपून नावं यायला लागली, आणि लेकीचं नाव आलं तेव्हा वहिनींनी तिथे थांबवलं. एरवी या वेळेपर्यंत घड्याळजींचं निम्मं मत देऊन झालेलं असतं.

“आता फोन लावा,” वहिनी म्हणाल्या.

“माझा घेत नाही ती.”

“ताईंचा घेते.”

मी माझ्या मोबाइलवरून लावला आणि स्पीकर सुरू करून स्टुलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवला.

“मावशी?”

कुणीच बोलेना. मी घड्याळजींना कोपराने ढोसलं. रंगमंचावर नट वाक्य विसरला की असंच ढोसावं लागतं.

“मी बाबा.”

ते फोनच्या आणखी जवळ वाकले.

“मी परत बघितला. नीट.”

“परत हसलात?”

“नाही.” ते थांबले. “आईचं चालणं आहे ते.”

लेकीने फोन ठेवला नाही. तेवढ्यात वहिनींना राहवलं नाही. “अगं, चूक माझी. ते बटण मी दाबून ठेवलं होतं. दीडपटीचं. तू दाखवलंस ना, ते.”

“आई, ते मी लोकांना शिव्या द्यायला दाखवलं होतं.”

“शिव्या विसरले, बटण लक्षात राहिलं.”

पलीकडून जो आवाज आला तो रडण्याचा की हसण्याचा, ते मला आधी ठरवता येईना. हसण्याचाच होता. घड्याळजींनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि तो कोर्टातला वकील जेवढा वेळ घेतो त्याच्यापेक्षा जास्त वेळ घेतला.

“बाबा, खरं सांगा. ते चालणं लांबलंय का?”

या माणसाला आजवर कधी खोटं मत देता आलं नव्हतं.

“लांबलंय,” ते म्हणाले. “पण तिला तेवढाच वेळ लागायचा.”

“हं.”

“दिग्दर्शक काहीही म्हणू दे. बरं केलंस.”

मग मायलेकींचं सुरू झालं, कधी येतेस, काय खातेस, एवढी बारीक का दिसतेस, जणू फोनमधून ती दिसत होती. फोन ठेवायच्या आधी लेक म्हणाली, “बाबा, मग आता मागचे सगळे परत बघावे लागतील तुम्हाला. तो पोलीस, त्या जावा, ते कोर्ट. टेलरकाकांना काय सांगणार?”

घड्याळजींनी रिमोट उचलला, भिंग लावल्यासारखा डोळ्याजवळ धरून ते बटण शोधलं, आणि बायकोकडे बघून म्हणाले, “छे. ते सगळे पळतच बरे होते.”